थारला बसवलेले बाहेरचे शॉक अब्सॉर्बर 22,000 किलोमीटरमध्येच गळू लागले. हे आयुष्य स्वाभाविक मानायचे का?

प्रश्न (कासारवडवली, ठाणे)

नमस्कार. माझ्याकडे 2021 सालची थार आहे. रोजचा प्रवास घोडबंदर रस्त्याने होतो आणि पावसाळ्यात महिन्यातून दोन-तीनदा मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याकडील कच्च्या वाटांवर गाडी नेतो. दीड वर्षापूर्वी गाडी दोन इंच उंच करणारा संच बसवून घेतला. त्यात चारही चाकांसाठी अधिक कडक स्प्रिंगा आणि गॅस भरलेले ट्विन ट्यूब (एकात एक अशा दोन नळ्यांचे) शॉक अब्सॉर्बर होते. मूळचे शॉक काढले तेव्हा 38,000 किलोमीटर झाले होते आणि त्यांतून तेलाचा थेंबही आलेला नव्हता. नव्या संचाचे मात्र 22,000 किलोमीटर होतात न होतात तोच मागच्या डाव्या शॉकमधून तेल ओघळू लागले. शिवाय पुढचे चाक गतिरोधकावरून उतरताना किंवा खड्ड्यात पडताना धातूवर धातू आपटल्यासारखा ‘टक्’ आवाज येतो. चाक वर चढताना तो येत नाही.

कच्च्या रस्त्यावर वापर झाल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही, असे विक्रेत्याने कळवले आहे. डोंगरवाटांसाठी म्हणून विकलेल्या वस्तूबाबत हे उत्तर मिळावे याचे मला फार वाईट वाटले, पण तो विषय मी त्यांच्याशीच बोलेन. येथे विचारायचे आहे ते एवढेच, की या वापरात इतकेच आयुष्य अपेक्षित धरावे का, आणि पुढच्या वेळी ट्विन ट्यूब सोडून मोनोट्यूब (एकाच नळीचे) घ्यावेत का?

उत्तर (नेरुळ, नवी मुंबई)

मी बरीच वर्षे जिप्सी चालवतो आणि माझे साधे ट्विन ट्यूब शॉक तुमच्यापेक्षा पुष्कळ जास्त टिकले आहेत; तरीही माझ्या अनुभवावरून तुम्ही निष्कर्ष काढू नये असे मी आवर्जून सांगेन. जिप्सीला पुढे-मागे पाटे (एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. पाट्यांची पाने एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातच उसळीचा काही भाग जिरतो, त्यामुळे शॉकवरचा भार तेवढा हलका होतो. तुमच्या गाडीला चारही बाजूंना गुंडाळी स्प्रिंग आहे, तिला स्वतःचे घर्षण जवळजवळ नसते आणि उसळी आवरण्याचे सगळे काम शॉकलाच करावे लागते. किलोमीटर हे मापही येथे फसवे आहे, कारण दगडधोंड्यांच्या वाटेवरील एका तासात शॉकचा दांडा जितका आत-बाहेर होतो, तितका तो महामार्गावरील एका तासात होत नाही.

उत्तर (तुर्भे, नवी मुंबई)

सस्पेन्शनची कामे करण्यात माझी अनेक वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मोनोट्यूबबद्दल आधी. शॉक उसळीची शक्ती तेल बारीक झडपांतून ढकलून उष्णतेत बदलतो, आणि ती उष्णता बाहेर टाकण्यात मोनोट्यूब सरस असतो, कारण तेल असलेली नळीच थेट हवेच्या संपर्कात असते. त्यातला नायट्रोजन 20 बारच्या आसपास दाबाने भरलेला आणि तरंगत्या पिस्टनने तेलापासून वेगळा ठेवलेला असल्यामुळे तेलाला फेस येत नाही. परंतु त्याच एका नळीवर दगड बसून पोचा आला, तर आतला पिस्टन अडकतो; ट्विन ट्यूबच्या बाहेरच्या नळीला तसाच पोचा आला तरी आतली नळी बहुधा शाबूत राहते. शिवाय जास्त दाबामुळे मोनोट्यूबच्या सीलवरचा, म्हणजे दांड्याभोवती तेल रोखून धरणाऱ्या रबरी कड्यावरचा, ताणही अधिक असतो. ऑस्ट्रेलियातील ओल्ड मॅन इमू या ब्रँडचे नायट्रोचार्जर शॉक हे ट्विन ट्यूबच आहेत आणि ते तिकडच्या खडतर प्रदेशात वापरले जातात. तेव्हा नळ्या एक की दोन, यावर टिकाऊपणा ठरत नाही.

तुमच्या प्रश्नातील सर्वांत मोलाची माहिती म्हणजे आवाज चाक खाली जाताना येतो, वर जाताना येत नाही. याचा अर्थ, माझ्या अंदाजाने, पुढचे शॉक पूर्ण ताणले जाऊन आतल्या आत आपटत आहेत. असे संच पुष्कळदा पोलादी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) लावलेल्या गाडीचे वजन गृहीत धरून बनवलेले असतात. ते वजन नसेल, तर कडक स्प्रिंग गाडीला ठरल्यापेक्षा जास्त उचलून धरते, शॉक उभ्या गाडीतच बराचसा ताणलेला राहतो आणि चाकाला खाली जायला फार थोडी चाल उरते. मग घोडबंदरच्या प्रत्येक खड्ड्यात पिस्टन वरच्या टोकाला ठोकर मारतो. त्या ठोकरीने आधी दांड्याला सरळ धरणारे बुश (कडे) सैल होते, दांडा किंचित डगमगू लागतो, आणि त्यानंतर सील गळते. मूळचे शॉक टिकले याचे मोठे कारण हेच, की स्प्रिंग, शॉकची लांबी आणि गाडीचे वजन ही तिन्ही एकमेकांच्या हिशोबाने ठरवलेली होती.

कृपया पुढील गोष्टी तपासून येथे कळवा. सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा आणि तुमच्याच वर्षाच्या एखाद्या मूळ अवस्थेतील थारशी ताडून पाहा. पुढे बंपर आणि विंच आहे का, तेही सांगा. मागच्या डाव्या शॉकचा दांडा पुसून त्यावरून नख फिरवा. नख कोठे अडते का ते पाहा. तासभर कच्च्या रस्त्यावर चालवून आल्यावर चारही शॉकना जपून हात लावा. तीन गरम आणि एक थंड लागला, तर तो थंड शॉक काहीच काम करत नाही असे समजावे. आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये विचारा: खालचे बोल्ट गाडी जॅकवर असतानाच आवळले होते का? तसे केल्यास रबरी बुश उभ्या गाडीतही कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बोल्ट नेहमी चाके जमिनीवर टेकून, गाडीचे वजन त्यांवर आल्यावरच आवळावेत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सोसायटीतच माझ्यासारखी एक थार आहे, तिच्याशी मापे ताडून पाहिली. माझी गाडी पुढे ठरलेल्या 50 (दोन इंच) ऐवजी 70 मिलिमीटर उंच निघाली. विंच नाही आणि बंपरही मूळचाच आहे. मागच्या डाव्या दांड्यावर दोन ठिकाणी नख स्पष्ट अडते आणि तेथे गंजाचे बारीक ठिपके आहेत. दांड्यावरील मूळचे संरक्षक आवरण नव्या शॉकना बसवलेलेच नाही, हे मला आता दिसले.

उत्तर (ऐरोली, नवी मुंबई)

आपल्याकडे गाडी डावीकडे घ्यावी लागते तेव्हा डावी चाके खडीच्या कडेवरून जातात, आणि पुढच्या चाकाने उडवलेली खडी थेट मागच्या दांड्यावर बसते. क्रोमचा थर एकदा टवकला, की त्याची धार दर फेरीला सील कापत जाते. त्यात आपल्या पावसाळ्यातील भाताच्या खाचरांजवळचा चिकट गाळ दांड्यावर वाळला, तर तो कानशीसारखे काम करतो. मी घरी परतल्यावर त्याच दिवशी साध्या नळीच्या पाण्याने दांडे धुतो. उच्च दाबाची फवारणी सीलवर थेट मारू नये, कारण तिने गाळ सीलच्या कडेखाली ढकलला जातो. अलिबाग किंवा रेवदंड्याच्या वाळूत गाडी गेली असेल, तर धुण्यात एका रात्रीचाही उशीर करू नये.

उत्तर (तुर्भे, नवी मुंबई)

मापांवरून तुमच्या दोन तक्रारींची दोन वेगळी कारणे दिसतात. पुढच्या स्प्रिंगा तुमच्या गाडीच्या वजनाला जड आहेत. त्या बदलून हलक्या घ्या, आणि गाडी 40 ते 50 मिलिमीटरपेक्षा वर जाणार नाही असे पाहा. त्या न बदलता महागडे मोनोट्यूब बसवले, तर तेही असेच ठोकर खात राहतील. सध्याचे पुढचे शॉक गळत नसतील तर स्प्रिंग बदलताना काढून दांडा हाताने हलवून पाहा. डगमगत नसेल तर ते परत बसवायला हरकत नाही.

मागे मात्र नुसते सील बदलून भागणार नाही, कारण टवकलेला दांडा नवे सीलही कापेल. दोन्ही मागचे शॉक जोडीने बदला, कारण एक नवा आणि एक थकलेला असला तर गाडी वळणावर वेगवेगळी वागते. नवे घेताना दांड्यावर आवरण असलेलेच घ्या, आणि आवरण रबरी व बंद असेल तर त्याच्या तळाशी पाणी निघून जाण्यास छिद्र आहे का ते पाहा. उघडून दुरुस्त करता येणारे शॉक घ्यायचे असतील, तर त्यांचे सील आणि दांडे सुटे मिळतात का, आणि नायट्रोजन ठाणे किंवा नवी मुंबईत भरून मिळतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा. बसवल्यानंतर 1,000 किलोमीटरनी सर्व बोल्ट पुन्हा तपासून घ्या आणि तेव्हाच उंचीही मोजा, कारण नव्या स्प्रिंगा सुरुवातीला थोड्या दबून बसतात.