बाबांचं सगळंच थोडं थोडं वाढलेलं, पुढे काय होतं?

कपाशीवाला:
आमचं गाव दारव्ह्याच्या पुढे. उपकेंद्रात तपासणी होती, बाबांना (वय ५२) बळंच नेलं. बीपी १३८/८८, उपाशीपोटी शुगर ११२. मग दारव्ह्याला रक्त तपासलं: ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, तेवढं मात्र कमी. डॉक्टर म्हणाले मेटाबॉलिक सिंड्रोम, आत्ता गोळी नाही, वजन उतरवा. बाबांचं एकच, "मले काय झालं? एक दिवस तरी खाटेवर पाह्यलं का?" हातपाय काड्या, फक्त ढेरी. पँट अजून ३४ चीच, कारण ती ढेरीखाली बांधतात. बैल विकल्यापासून वावरातही मोटरसायकलवर जातात. दहा-पंधरा वर्षांनी नेमकं काय होतं यात?

उपकेंद्रातली ताई:
पँटचा नंबर धरू नका. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप लावा. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी, बायांना ८० ही हद्द. वाढलेलं पोट, बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल, या पाचपैकी तीन गोष्टी भरल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम हे नाव लागतं, बाबांच्या पोट न मोजताच चार भरल्या. अशा माणसाला डायबेटिसचा धोका इतरांपेक्षा साधारण पाचपट, हार्ट अटॅक-लकव्याचा दुप्पट. लिव्हरवर चरबी चढते, किडनीही सुटत नाही. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस येतच नाही.
पण हे मागे फिरवता येतं. अमेरिकेत २००२ साली छापलेल्या अभ्यासात ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच ध्येय होतं. डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीनं ३१ टक्क्यांनी.

वऱ्हाडी गडी:
माह्या भावाचं असंच होतं बाप्पा. "बॉर्डरवर हाये" म्हणत म्हणत वर्षं काढले. मंग लकवा मारला, डावा हात गेला. आता धुऱ्यावर बसून वेचणाऱ्या बायांचा हिशोब लिहिते. तू गाडीची चाबीच लपव, वावरात पायी जाऊ दे त्याले.

कपाशीवाला:
चाबी लपवली तर शेजाऱ्याची गाडी मागतील! ताई, जेवणाचं सांगा ना. घरी दोन्ही वेळ भात, रात्री तर आलूभातच.

उपकेंद्रातली ताई:
भात अर्धा करा, वरण घट्ट करा, तूर घरचीच असेल. एका वेळी ज्वारीची भाकर. शुगर दरवर्षी बघा, सोबत किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन डॉक्टरांना विचारून करून घ्या. आणि बाबा खर्रा (तंबाखू-सुपारी) खातात का, ते लिहिलंच नाही तुम्ही. खात असतील तर डॉक्टरांना आधी ते सांगा.