सहावा दिवस उलटला तरी पेशी तळाला चिकटलेल्या, सीडी१४ उतरेना

होटगी_रोड:
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मोनोसाइटपासून (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) डेंड्रिटिक पेशी (टी पेशींना अँटिजेन दाखवणाऱ्या) करायच्या आहेत. सोलापुरातल्याच रक्तपेढीतून बफी कोट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा थर) आणला, फायकॉल या जड द्रावणावर पीबीएमसी (मोनोसाइट आणि लिम्फोसाइट) वेगळ्या केल्या, दोन तास प्लेटला चिकटू दिल्या आणि बाकीच्या धुऊन टाकल्या. मग आरपीएमआय माध्यमात १० टक्के एफबीएस (वासराचं सीरम), आणि जीएम-सीएसएफ १००० व आयएल-४ ५०० युनिट प्रति मिली ही दोन सायटोकाइन (पेशींना इशारा देणारी प्रथिनं). आतापर्यंत पेशी सैल होऊन तरंगायला हव्या होत्या, पण निम्म्याहून जास्त अंड्याच्या पोळीसारख्या पसरून बसल्यात. फ्लो सायटोमीटरवर सीडी१४ (मोनोसाइटची खूण) भरपूर, सीडी१ए (डेंड्रिटिक पेशीची खूण) जवळपास नाही. पेशी पिकवायला एलपीएस (जिवाणूच्या आवरणातला घटक) दिलं तरी सीडी८३ (पिकल्याची खूण) हलत नाही. मे महिना आहे, बाहेर ४२ अंश. सायटोकाइन कुरियरमध्येच मेली असतील का?

सात_रस्ता:
त्या मॅक्रोफेज (चिकटून बसणाऱ्या भक्षक पेशी) झाल्या की ओ. जीएम-सीएसएफ काम करतंय, आयएल-४ करत नाही. मोनोसाइटला मॅक्रोफेजच्या वाटेवरून वळवून सीडी१४ खाली आणायचं काम आयएल-४ चं. ते कमी पडलं की नेमकं हेच चित्र दिसतं.

उन्हाला लगेच दोष देऊ नका. कोरडी पावडर खोलीच्या तापमानाला सहसा काही दिवस तग धरते. घात होतो तो विरघळवल्यानंतर. फार पातळ द्रावण केलं तर प्रथिन नळीच्या प्लास्टिकलाच चिकटून बसतं, म्हणून त्यात ०.१ टक्के बीएसए (गायीचं अल्ब्युमिन प्रथिन) घालायचं. एका वेळेला लागेल तेवढेच छोटे भाग करून उणे ८० ला ठेवायचे. वितळलेला भाग परत गोठवायचा नाही. युनिटचा हिशेबही तपासा : एका मिलिग्रॅममध्ये किती युनिट हे कंपनीगणिक, कधी लॉटगणिकही बदलतं. जुन्या बाटलीचा आकडा नव्या बाटलीला लावला की मात्रा चुकलीच.

खात्री करायची तर प्लेटमधल्या तीन विहिरी (खळगे) लावा : जुनं आयएल-४, नव्या बाटलीतलं आयएल-४, आणि आयएल-४ शिवाय. पाचव्या दिवशी फक्त सीडी१४ बघा. पहिली नि तिसरी सारखी दिसली तर चोर सापडला.

शेंगा_चटणी:
वरच्याशी सहमत, पण सुरुवातही तपासा. फायकॉलची १.०७७ घनता २० अंशांना धरलेली असते. दुपारी एसी नसलेल्या खोलीत बाटली ३५ अंशांवर गेली तर थर नीट बसत नाही आणि पेशी कमी मिळतात. रक्त, फायकॉल, सेंट्रिफ्यूज तिन्ही २० अंशांवर आणा. ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. पुढचे दोन फेरे २०० जी ला १० मिनिटं फिरवा, प्लेटलेट वर राहतात. त्या राहिल्या तर मोनोसाइटला चिकटून गुठळ्या करतात.

चिकटवल्यानंतर धुवायचं पीबीएस (क्षारांचं द्रावण) ३७ अंशांचंच हवं. थंड असेल तर मोनोसाइट सुटून लिम्फोसाइटबरोबर सिंकमध्ये जातात. तिसऱ्या दिवशी माध्यम बदलताना निम्मंच काढा, आणि काढलेलं फिरवून तळाच्या पेशी परत प्लेटमध्ये घाला. सैल झालेल्या पेशी म्हणजेच तुमचा माल. बरेच जण तोच ओतून देतात आणि मग उतारा कमी म्हणून ओरडतात.

होटगी_रोड:
आयएल-४ ची तीच नळी चार वेळा वितळवली होती. नवी बाटली घेतो. परिपक्वतेसाठी एलपीएसच ठेवू, की टीएनएफ-अल्फा, आयएल-१ बीटा, आयएल-६, पीजीई२ हे कॉकटेल?

कडक_भाकरी:
काय मोजायचंय त्यावर आहे. पीजीई२ मुळे पेशी सीसीआर७ या ग्राहीच्या इशाऱ्यावर लसीका ग्रंथीकडे चांगल्या सरकतात, पण आयएल-१२ (टी पेशींना लढायला लावणारं सायटोकाइन) दाबलं जातं. आयएल-१२ मोजायचं असेल तर एलपीएस १०० नॅनोग्रॅम प्रति मिली आणि सोबत इंटरफेरॉन-गॅमा द्या. स्थलांतराचा प्रयोग असेल तर कॉकटेल.

अर्धवट पिकलेली पेशी मात्र वापरू नका. अपक्व डेंड्रिटिक पेशी अँटिजेन गिळण्यात पटाईत, पण टी पेशीला ती ‘लढ’ म्हणण्याऐवजी ‘गप बस’ शिकवू शकते. माधव धोडपकर, राल्फ स्टाइनमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दोन निरोगी स्वयंसेवकांना फ्लूचं पेप्टाइड लावलेल्या अपक्व पेशी टोचल्या, तर त्या पेप्टाइडविरुद्धचा टी पेशींचा प्रतिसाद उलट मंदावला. कॅन्सरच्या लशीत हे परवडत नाही.

लस म्हणाल तर सिप्युल्यूसेल-टी २०१० मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, पुढे पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरसाठी. रुग्णाच्याच पेशी काढून, पीएपी (प्रोस्टेटमधलं एक प्रथिन) आणि जीएम-सीएसएफ जोडलेल्या प्रथिनाबरोबर वाढवून, साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा शिरेतून देतात. चाचणीत मध्यम आयुर्मान २१.७ वरून २५.८ महिन्यांवर गेलं. पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरमध्ये रक्तात मोजतात ते प्रथिन) सहसा उतरत नाही, त्यामुळे ‘लशीने पीएसए पाडून दाखवतो’ असं कुणी नातेवाइकांना सांगत असेल तर सावध राहा.

आणि एक विहीर पिकवणारं काहीही (एलपीएस किंवा कॉकटेल) न देता ठेवा. तिच्यातच सीडी८३ वर आलं तर दोष सायटोकाइनचा नाही, पाण्यात किंवा सीरममध्ये एंडोटॉक्सिन (म्हणजे एलपीएसच) आहे.