पारंपरिक धनुष्याने शिकार: ४५ पौंडांवर थांबावं की ओढ वाढवावी?

रानवाट
माझं मत आधीच सांगतो. लाँगबो (लांब, साधं धनुष्य) किंवा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घेऊन मोठ्या जनावराच्या मागे जाणाऱ्याने मेहनत करून ५५-६० पौंडांच्या ओढीपर्यंत, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढं बळ लागेल अशा धनुष्यापर्यंत, पोचायलाच हवं. "४५ पुरे" असं हल्ली फार सहज सांगितलं जातं. नवा माणूस त्यावर विसंबून रानात उतरतो आणि भोगतं ते जनावर.

चार वर्षांपूर्वी मी ४५ पौंडी रिकर्व्हने एका नर हरणावर बाण सोडला. अंतर अठरा पावलं. सुटतासुटता ते अर्धं पाऊल पुढे सरकलं आणि बाण फुप्फुसाऐवजी खांद्याच्या फऱ्यावर बसला. चार बोटं आत गेला आणि थांबला. दोन दिवस माग काढला, पण रक्ताचे थेंब पहिल्याच दुपारी संपले होते. हरीण सापडलं नाही. ते जगलं की कुठल्या झुडपात तडफडत मेलं, मला आजही ठाऊक नाही.

हिशोब सरळ आहे. एकाच घडणीच्या दोन धनुष्यांना पौंडामागे १० ग्रेनचा (सुमारे ०.६५ ग्रॅम) बाण लावा. ४५ पौंडी धनुष्य ४५० ग्रेनचा आणि ६० पौंडी धनुष्य ६०० ग्रेनचा बाण जवळपास सारख्याच वेगाने फेकेल. वेग तोच, वजन एक तृतीयांशाने जास्त, म्हणजे ऊर्जा आणि संवेग दोन्ही तितकेच जास्त. नावाजलेले अमेरिकी धनुर्धारी शिकारी फ्रेड बेअर ६५ पौंडी धनुष्य वापरायचे, उगाच नाही. अलास्कात मूस (प्रचंड मोठं हरीण) आणि तपकिरी अस्वलासाठी कायद्यानेच किमान ५० पौंड लागतात.

पिसेवाला
त्या दिवशीच्या बाणाचं वजन किती होतं? आणि पातं कोणतं?

रानवाट
३९० ग्रेन. पातं तीन धारांचं, आदळल्यावर उघडणारं. तेव्हा मला तेच चांगलं वाटलं होतं.

पिसेवाला
मग दोष ओढीवर कसा टाकता? उघडणाऱ्या पात्याची बरीच ताकद उघडण्यातच जाते. कंपाउंड म्हणजे चाकांच्या आधुनिक धनुष्याला ते परवडतं, ४५ पौंडी रिकर्व्हला नाही. त्यात बाण ३९० ग्रेनचा आणि समोर हाड. हेच मिश्रण ५५ पौंडांवरही अडलं असतं, फार तर दोन बोटं पुढे जाऊन.

एड अ‍ॅशबी यांनी आफ्रिकेत मोठ्या जनावरांवर बाणांच्या भेदकतेच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. त्यांच्या मांडणीत सगळ्यात आधी येतं ते बाण न मोडणं, न वाकणं. मग बाणाचं सरळ उड्डाण, मग पुढच्या टोकाकडे झुकलेलं वजन आणि पात्याची घडण. जाड हाड भेदायचं तर ते ६५० ग्रेनच्या वरचा बाण सुचवतात. बाण वाकडा उडत आदळला तर त्याची ताकद आत शिरण्याऐवजी बाणाची काडी थरथरण्यात जाते, मग धनुष्य ८० पौंडी असलं तरी.

फ्रेड बेअरचं उदाहरण दिलंत, तर कॅलिफोर्नियातल्या याही जमातीच्या इशीचंही घ्या. त्याचं शिकारीचं धनुष्य सुमारे ४५ पौंडांचं होतं आणि तो त्यावर हरणं मारत असे. तो जनावराच्या अगदी जवळ जाऊन मगच दोरी ओढायचा.

मागकरी
मी रानवाट यांच्या बाजूने. पिसेवाल्यांचा जड बाण मान्य, पण तो ४५ पौंडांवर चढवला की वेग कोसळतो. सेकंदाला १७० फुटांनी जाणारा बाण २० यार्डांवर पोचेपर्यंत सुमारे २४ इंच खाली येतो, १५० फुटांनी जाणारा ३१ इंच. पारंपरिक धनुष्यावर नेम धरायच्या पिना नसतात, सगळा नेम डोळ्यातल्या अंदाजावर. अंतर तीन यार्ड चुकलं की बाण पोटात. म्हणजे हाडाची अडचण सोडवायला गेलात आणि पोटात बाण बसायची शक्यता वाढवून आलात. जड बाण आणि बरी सपाट वाट, दोन्ही हवं तर ते ओढीतूनच येतं.

दुसरं, बोटांनी सोडणाऱ्यांना हे पटेल. हलक्या धनुष्याची दोरी बोटांवर रेंगाळते. जरा जड धनुष्य बोटातून दोरी स्वच्छ ओढून नेतं. माझा बाण ५२ पौंडांवर जितका सरळ जातो तितका ४२ वर कधीच गेला नाही.

पिसेवाला
@मागकरी, खाली येण्याचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच मी १५ यार्डांच्या पुढे बाण सोडत नाही.

दोरीचा पीळ
मी खांदा गमावून बसलेला माणूस आहे, म्हणून कळकळीने लिहितोय.

५० वरून एकदम ६५ वर गेलो. पाठीने ओढायचं ते खांद्याने ओढू लागलो, कारण पाठ तितकी तयारच नव्हती. सहा महिन्यांत हात डोक्याच्या वर जाईना. खांद्याच्या सांध्याला धरून ठेवणारा स्नायू फाटला होता. दीड वर्ष धनुष्य भिंतीवर.

पण त्याआधी घडलं ते जास्त वाईट. मी ओढ पूर्ण करणंच सोडलं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं. धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंचांवर मोजलेला असतो. जड धनुष्य दमवतं, माणूस २६ इंचांवरच सोडून देतो. इंचामागे अडीच-तीन पौंड कमी धरा: ६० चं धनुष्य ५४-५५ वर आलं. आणि नुसते पौंडच घटत नाहीत, बाणाला ढकलण्याचं अंतरही दोन इंचांनी घटतं. अंदाजे हिशोब मांडून बघा. दोन इंच कमी ओढलेल्या ६० पौंडी धनुष्यात जेवढी ऊर्जा साठते, जवळपास तेवढीच पूर्ण ओढलेल्या ५० पौंडी धनुष्यात साठते. वर ५० पौंडीचा बाण जिथे पाहिजे तिथे जातो.

मित्राने बाजूने व्हिडिओ काढला तेव्हा मला माझी ओढ दिसली. हात गालापर्यंत पोचतच नव्हता. दोरी हनुवटीच्या पुढेच सुटत होती.

जुनी कमान
इतिहासातला आधार जपून घ्यावा, दोन्ही बाजूंनी. जड ओढीची चर्चा निघाली की मेरी रोझ येतेच. १५४५ साली बुडालेलं ते इंग्लिश युद्धजहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्यातली लाँगबो १०० पौंडांपासून १८० च्या वरपर्यंतची असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण ती युद्धाची धनुष्यं. माणसांच्या गर्दीवर लांबून बाण सोडायचे होते. हरणाच्या छातीतल्या वीतभर जागेवर एकच बाण बसवणं हे काम वेगळं. आणि त्याच जहाजावरच्या सांगाड्यांमध्ये खांद्याच्या टोकाचं हाड नीट न जुळलेली माणसं नेहमीपेक्षा जास्त आढळली. लहानपणापासूनच्या धनुष्याच्या ताणाशी त्याचा संबंध जोडला जातो.

ती माणसं तिथवर पोचली कशी, हे इंग्लिश धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर यांच्या १५४९ च्या प्रवचनात आहे. वडिलांनी वय आणि ताकद पाहून धनुष्य घेऊन दिलं आणि अंगात बळ येईल तसं मोठं धनुष्य दिलं, असं ते सांगतात. रानवाट, तुम्ही नव्या माणसाला ६० सांगता तेव्हा त्याला मधली वर्षंही सांगा.

रानवाट
सगळं वाचलं. पात्याची आणि बाणाच्या वजनाची चूक माझी होती. ती मी सुरुवातीलाच लिहायला हवी होती, पिसेवाल्यांनी विचारल्यावर नव्हे. जुनी कमान, वर्षांचा मुद्दाही मान्य. मी ४५ वरून ५८ वर आलो ते चार टप्प्यांत, तीन वर्षांत. हे न लिहिता नुसता आकडा लिहिला, त्याने कुणी दुखावला तर ते माझ्या माथी येईल.

पण मूळ म्हणणं सोडत नाही. जनावर हलतं. आपण १५ यार्डांवरून, योग्य पात्याने, नीट नेम धरून सोडला तरी ते हलतं. आवाज त्याच्यापर्यंत बाणाच्या सुमारे पाव सेकंद आधी पोचतो, तेवढ्यात ते दबतं किंवा वळतं. कधी ना कधी हाड मध्ये येणारच. त्या एका बाणासाठी हाताशी जास्त ताकद असावी, असं मला वाटतं. ज्याची ओढ स्वच्छ आहे त्याने ४५ वर समाधान मानून बसू नये.

स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे. पहाटे, थंडीत, जाड कपडे घालून, तासभर न हलता बसल्यावर, बसल्या जागेवरून पहिला बाण. तोवर हात गरम करायचे नाहीत, सरावाचा एकही बाण नाही. सावकाश ओढायचं, गालाला हात टेकल्यावर मनात चार मोजायचे, मग सोडायचं. कंपाउंडसारखी वजन हलकं होण्याची सोय आपल्याला नाही, सगळा भार बोटांवर राहतो. तरी १५ यार्डांवर बाण तळहाताएवढ्या जागेत बसला पाहिजे. सलग दहा सकाळी जमलं तर ते धनुष्य तुमचं. जमलं नाही तर पाच पौंड खाली उतरा.

दोरीचा पीळ
ही कसोटी मी आज ४८ पौंडीवर लावून पाहिली. चार मोजेपर्यंत थांबलो, बाण दोन इंच डावीकडे गेला. ५३ चं धनुष्य घ्यायला पैसे बाजूला ठेवले होते, ते तसेच ठेवतोय. मागकरी, तुम्ही ५२ वर करून बघा आणि पहिल्याच बाणाचं इथे लिहा.

मागकरी
उद्या पहाटे बसतो. पण चार नाही, सहा मोजणार. गेल्या मोसमात हरीण झाडाआडून बाहेर यायची वाट बघत ओढलेली दोरी धरून बसलो होतो, तेव्हा चार कधीच उलटून गेले होते.