यूएसबी वायफाय अडॅप्टर सारखा डिस्कनेक्ट होतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. देवगडजवळ आमच्या घरी डेस्कटॉप आहे, विंडोज ११. आंब्याच्या ऑर्डरी, बिलं सगळं त्यावरच. नेट यूएसबी अडॅप्टरवर चालतं आणि ते मधेच तुटतं. राऊटर पडवीत, मशीन माजघरात, मधे जाड चिऱ्याची भिंत. ५ गिगाहर्ट्झ तिथवर नीट येतच नाही, म्हणून २.४ वर ठेवलाय. फोन त्याच टेबलावर, त्याच नेटवर्कवर मस्त चालतो, तेव्हा लाइनला दोष देऊ नका.

ड्रायव्हर नवा टाकला. डिव्हाइस मॅनेजरमधली वीज वाचवण्याची टिक काढली, पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सस्पेंडही (रिकाम्या पोर्टाला झोपवणारी सोय) बंद केलं. राऊटरचा वायफाय चॅनल ऑटोवरून ६ वर आणला. फरक शून्य. बाजूच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात हार्ड डिस्क असते. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ च्या पट्ट्यात येतो, म्हणून अडॅप्टर एक्स्टेंशन वायरने लांब नेला. त्याने बरंच कमी झालं, पण थांबलं नाही.

गोम इथे आहे: कनेक्शन जाताना यूएसबी काढल्यावर होतो तो आवाज येतो आणि अडॅप्टर यादीतूनच गायब. काढून परत खोचला की चालू. पिनांवर हिरवट थर दिसतोय, खारी हवा, दुसरं काय.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून भागेल, की पोर्टलाच वीज कमी पडतेय? पॉवरवाला (स्वतःचा वीजजोड असलेला) यूएसबी हब लावून कोणाला गुण आलाय का? ‘नवीन घ्या’ म्हणणाऱ्यांनी चिपसेटही (आतली मुख्य चिप कुठली ते) सांगा.