‘हाँटेड’ रणांगण: झपाटलेलं, बाधित, की नुसताच ‘वावर’?

तांबडी माती
आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. इंग्लंडात एजहिल इथे २३ ऑक्टोबर १६४२ ला राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्या फौजांची लढाई झाली. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास तिथल्या मेंढपाळांना रात्री आकाशात तीच लढाई पुन्हा चाललेली दिसली. ढोल, बंदुकांचे बार, जखमींचं कण्हणं, सगळं. जानेवारी १६४३ मध्ये त्यावर पत्रक छापून निघालं. राजाने ऑक्सफर्डहून माणसं पाठवली, तर त्यांनीही ‘आम्ही पाहिलं’ असं शपथेवर सांगितलं, वर काही चेहरे ओळखले. लढाईत पडलेला राजाचा निशाणबरदार एडमंड व्हर्नी त्यांत होता म्हणे.

माझं घोडं अडलंय ‘हाँटेड बॅटलफील्ड’पाशी. मी लिहिलं ‘झपाटलेलं रणांगण’. विजयदुर्गाकडची आत्या आली होती, तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, “झपाटता तां माणसाक. जमनीक कोण झपाटतला? थंय वावर आसा, इतक्याच म्हण.”

पटलं. पण ‘वावर असलेलं रणांगण’ वाचायला लंगडं वाटतं. काय करू? अंक परवा बांधायला जायचाय.

घाटावरचा
आमच्याकडे वावर म्हणजे शेत. ‘रणांगणात वावर आहे’ वाचून मला वाटेल, लढाई संपल्यावर कोणीतरी तिथे ज्वारी पेरली.

निर्भेळ
‘पिशाचबाधित रणभूमी’. अर्थ नेमका, शब्द शुद्ध, मागे-पुढे काही जोडायला नको.

पोफळीची सावली
पूरबाधित, प्रकल्पबाधित, पिशाचबाधित. पंचनाम्याला तलाठी कधी येणार? नुकसानभरपाई भुताला की जमीनमालकाला?

मोडी वाचक
थट्टा राहू द्या, आत्याबाईंनी नकळत फार अचूक शब्द दिलाय. इंग्रजी ‘हाँट’ मुळात भुताचा शब्दच नाही. जुन्या फ्रेंचमधून तो आला तेव्हा त्याचा अर्थ होता एखाद्या जागी वारंवार जाणं-येणं. चहाच्या टपरीवर रोज बसणारा माणूसही त्या अर्थी टपरीला ‘हाँट’ करत असतो. भुतं त्या शब्दात मागाहून शिरली. म्हणजे वावरच झाला की!

उलट ‘झपाटणे’मध्ये झपाटा आहे. झडप आहे. तिथे एक घालणारा लागतो आणि एक सापडणारा. जमीन बिचारी कुठे पळणार, तिच्यावर झडप कशाला? ‘पछाडणे’चंही तेच, त्यात पाठीवर पाडणं आहे. ‘झपाटलेलं घर’ आता कानाला सवयीचं झालंय, पण माझ्या मते ती भाषांतराचीच पैदास.

आणि घाटावरच्यांना: दोन्ही ‘वावर’ बहुधा ‘व्यापार’मधूनच आलेत. व्यापार म्हणजे हालचाल, कामधाम. जिथे राबायचं ते वावर.

घाटावरचा
‘बहुधा’ला किती वजन द्यायचं?

मोडी वाचक
पावशेर.

खाडीपलीकडचा
आमच्या वेंगुर्ल्याकडे या बाबतीत नाव घ्यायचंच नाही अशी रीत. ‘भूत आहे’ असं कोणी म्हातारं माणूस म्हणायचं नाही. ‘जागा बरी नाही’, ‘जड आहे’, ‘तिथे फिरतं’, ‘बाहेरचं लागलं’. लहानपणी मला वाटायचं बाहेरचं म्हणजे रत्नागिरीकडचं.

पण वावर हा वाईटच असतो असं मुळीच नाही. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, चपला झिजतात, म्हणून नव्या. ही फेरी म्हणजे वावरच. त्याला ‘हाँटेड’ म्हणून बघा, गाव तुम्हाला चपलेचा दुसरा उपयोग दाखवेल. आमच्याकडे जागा कोणाच्या तरी ताब्यात असतात, कोणी देवचार, कोणी राखणदार. आपण त्यांच्या हद्दीतून जातो, ते आपल्या हद्दीत घुसत नाहीत. इंग्रजीतलं भूत मात्र घुसखोर दिसतं.

पोफळीची सावली
मग ‘वहिवाट’ म्हणा. ‘या रणांगणावर मृत सैनिकांची जुनी वहिवाट आहे.’ कोकणातला वाचक एका क्षणात समजेल, आणि दावाही लावेल.

ओहोटी
मी अलिबागेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझ्याकडून अपेक्षित तेच बोलतो. ‘वावर आहे’, ‘फिरतं’, ‘दिसतं’ या सगळ्या प्रयोगांची गंमत बघा. कर्ता एकतर नाही, नाहीतर नपुंसकलिंगी. कोण फिरतं? ते. काय दिसतं? तसलं. कर्ता नसला की पुरावा मागायची सोय उरत नाही. एजहिलच्या लोकांनी निदान व्हर्नीचं नाव घेतलं, म्हणजे खोटं पाडायला जागा ठेवली. तेही पत्रक ऐन यादवी युद्धातलं, दोन्ही बाजू रोज काहीबाही छापत होत्या. शपथेवर सांगितलं म्हणून खरं मानायचं असेल तर कोर्टात दोन्ही पक्षकार खरे.

स्वतःचा अनुभव सांगतो. बी.एड.ला असताना आम्ही चौघे डिसेंबरात अमावास्येच्या आसपास विजयदुर्गाला गेलो. मुक्कामाच्या घरातले आजोबा म्हणाले, रात्री किल्ल्याच्या अंगाला पाण्यात उजेड हलतो, आंग्र्यांचं आरमार जळलं त्याचा. फेब्रुवारी १७५६ ला वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी पेशव्यांशी संगनमत करून तुळाजी आंग्र्यांवर हल्ला केला, त्यात आरमार जळालं, हा इतिहास खराच. रात्री गेलो, तर खरंच उजेड. लाट फुटली की निळसर रेघ पेटायची आणि विझायची. माझे दोन मित्र तिथूनच मागे फिरले. मी पाण्यात हात घातला, तर हातही चमकला. नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्मजीव. पाणी ढवळलं की उजळतो. थंडीत आपल्या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी दिसतो, लढाई झालेली असो वा नसो.

खाडीपलीकडचा
सर, आजोबांनी उजेड दिसतो म्हटलं, तुम्हाला दिसला. मग ते खोटं काय बोलले?

ओहोटी
उजेड खरा, कारण खोटं.

खाडीपलीकडचा
आणि मागे फिरलेले दोघे?

ओहोटी
एक माझा मेहुणा आहे. जास्त बोलत नाही.

मोडी वाचक
मला मुळात वेगळाच प्रश्न पडलाय. आपल्या परंपरेत रणांगणावर भूत असूच कसं शकतं? लढताना मेला त्याला आपण ‘धारातीर्थी पडला’ म्हणतो. तलवारीची धार हेच तीर्थ. गीता सांगते, ‘हतो वा प्राप्स्यसि स्वर्गम्’. वीरगळ बघा. खालच्या चौकटीत लढाई, वरच्यात अप्सरा त्याला उचलून नेताहेत, अगदी वर तो शिवलिंगापुढे बसलाय. प्रवास पूर्ण, तिकीट फाडलेलं. बोरिवलीजवळ एकसरला तर समुद्रावरच्या लढाईचे वीरगळ आहेत, वल्ह्यांची जहाजं कोरलेली. त्या खलाशांनाही स्वर्गच मिळालाय. मग रात्री फिरतंय कोण?

(‘गळ’ हा कानडी ‘कल्लु’, म्हणजे दगड. मासे पकडायचा गळ नव्हे. दर वेळी कोणीतरी विचारतं म्हणून आधीच सांगितलं.)

तांबडी माती
ज्यांचे वीरगळ झाले नाहीत ते?

मोडी वाचक
बाई, हे मात्र बोललात!

पोफळीची सावली
वीरगळाला पैसे लागतात. साध्या प्याद्याला कोण दगड कोरून देणार?

खाडीपलीकडचा
शिवाय ‘वीर’ हेच भुताचं नाव आहे. एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१५ साली कोकणातल्या लोकसमजुतींचं संकलन छापलं, त्यात समंध, खवीस, मुंजा, हडळ यांच्या पंगतीत ‘वीर’ बसलाय. लग्न न होता मेलेल्या क्षत्रियाचं भूत. लढाईला जाणारी पोरं वयाने केवढी असणार? मुंज होऊन सोडमुंजीआधी गेला तो मुंजा, तलवार हाती घेऊन लग्नाआधी गेला तो वीर. स्वर्ग मिळाला असेल हो, पण बोहल्यावर चढायचं राहिलं ना.

निर्भेळ
वीर या उदात्त शब्दाला भुताच्या यादीत बसवणं मला मान्य नाही. तो लोकांचा अपभ्रष्ट वापर.

घाटावरचा
नाशकात धुळवडीला वीर नाचवतात, दाजीबा वीर तर प्रसिद्धच. घरचे गेलेले पूर्वज टाकाच्या रूपात हातात घेऊन नाचवतात, त्यांना वीरच म्हणतात. आमच्या देव्हाऱ्यातही आहे एक. अपभ्रष्ट म्हणालात तर तो तुम्हालाच लागेल.

ओहोटी
लागेल. कर्ता?

मोडी वाचक
आपल्या सगळ्यात मोठ्या पराभवाचं काय झालं बघा. १४ जानेवारी १७६१, पानिपत. हजारो माणसं गेली, घराघरात सुतक. सदाशिवरावभाऊ पडले, पण पुण्यात पार्वतीबाईंना ते पटलं नाही. इंग्रज असते तर म्हणाले असते, भाऊ पानिपतावर रात्री फिरतात. आपल्याकडे काय झालं? भाऊ म्हणून माणूसच उभा राहिला. तोतया! त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात अडकवलं होतं, १७७६ मध्ये तिथून सुटला, माणसं जमवली, कोकणातले किल्ले घेत सुटला. शेवटी आंग्र्यांनी पकडून दिला, त्याच वर्षी पुण्यात मारला. भूत न होता रक्तामांसाचा आला, आणि लोकांनी त्याला सैन्य दिलं. या किनाऱ्याने एजहिलपेक्षा मोठा प्रकार पाहिलाय.

ओहोटी
हे मात्र मला आवडलं. तोतयाची निदान चौकशी तरी करता आली.

पोफळीची सावली
माझी आजी महाडची. ती म्हणायची, “गडाखाली रात्री छबिना निघतो.” मशाली, घोडे, पुढे एकजण काठी आपटत. मी हे कॉलेजात सांगितलं तर एका सोलापूरच्या मैत्रिणीने मला सगळ्यांसमोर झापलं. छबिना देवाचा असतो, तुळजापूरच्या भवानीचा, भुतांचा नसतो, आजीला म्हणायचं होतं ‘वेताळाची पालखी’. तेव्हापासून मी गप्प. आज तीस वर्षांनी विचारते, आजी चुकली का?

मोडी वाचक
नाही! मैत्रिणीला पत्र लिहा. छबिना मूळ फारसी, ‘शब’ म्हणजे रात्र. जुन्या कागदांत छबिना म्हणजे लष्कराची रात्रीची गस्त, तळाभोवती फिरणारी स्वारांची तुकडी. देवाची रात्रीची मिरवणूक हा अर्थ त्याच्या शेजारचा. तुमच्या महाडातच वीरेश्वराचा छबिना आहे, म्हणजे दोन्ही अर्थ आजीच्या कानावर. ‘गडाखाली छबिना निघतो’ म्हणजे मेलेले शिपाई अजून पहाऱ्यावर आहेत, त्यांना कोणी सुटी दिलेली नाही. एजहिलच्या प्रकाराला मराठीत याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

निर्भेळ
म्हणजे परकीय शब्द! शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? ‘रात्रिरक्षकदल’ असा सोपा शब्द असताना...

पोफळीची सावली
रात्रिरक्षकदल ऐकून माझी आजी भूत सोडून तुम्हालाच घाबरली असती.

खाडीपलीकडचा
निर्भेळराव, ‘निशाणबरदार’ही फारसीच, वर पहिल्याच लेखनात आहे, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. ‘फौज’ अरबी. ‘खवीस’ अरबी. ‘पिशाच’ तेवढं तुमचं. फारसी-अरबी काढून टाकलीत तर किल्ल्यावर ना शिपाई राहील ना भूत.

निर्भेळ
शब्द रुळला म्हणून तो आपला होत नाही.

घाटावरचा
भाडेकरूचं तसं नसतं. बारा वर्षं राहिला की...

पोफळीची सावली
परत वहिवाट! मी मघाशीच म्हटलं होतं. आणि बारा वर्षांचं तसं सरसकट नसतं, भाडेकरूला तर ते लागूच होत नाही. आमच्या मधल्या काकांची केस आहे, आंब्याच्या तीन झाडांवरून.

खाडीपलीकडचा
हापूस की रायवळ?

पोफळीची सावली
रायवळ. हापूस असता तर खून झाला असता.

ओहोटी
आणि मग तिथे वावर.

मोडी वाचक
थळच्या समोरच्या खांदेरीचं राहिलंच. १६७९ मध्ये महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, इंग्रजांनी जहाजं आणून अडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. समुद्रावरची एवढी लढाई, पण बेटावर मला कोणी गोऱ्यांची भुतं सांगितली नाहीत. सांगितलं ते वेताळाचं. कोळी लोक नवस करतात, देऊळ आहे. मेलेला शत्रू विसरले, बेटाचा मालक नाही विसरले.

ओहोटी
मी खांदेरीला वर्गाची सहल नेली होती. तिथला एक दगड वाजतो, ठोकला की धातूसारखा नाद येतो. मुलांनी विचारलं, सर, आत काय आहे? मी म्हटलं, दगड. नापसंती दिसली.

तांबडी माती
मंडळी, काका, आंबे, दगड सगळं वाचलं. पण अंक उद्या सकाळी बांधायला जातोय. ‘झपाटलेलं’ खोडलंय. पुढे कंस करून तीन शब्द लिहिलेत: वावर, छबिना, वहिवाट. संपादक म्हणतात ‘हाँटेड’च ठेव, सगळ्यांना कळतं. एक सांगा, मालवणीत ‘वावर’ नुसतं माणसाच्या फिरण्याला वापरतात का? की आत्याने तो खास त्यांच्यासाठीच वापरला? खाडीपलीकडचे?

खाडीपलीकडचा
दोन्हीकडे ऐकलाय. पण विजयदुर्गाची बोली आणि आमची यात फरक आहे. आत्यांनाच विचारा ना.

निर्भेळ
विचारून आल्यावर ‘पिशाचबाधित’चाही विचार व्हावा.

तांबडी माती
आत्ताच फोन केला. पूर्ण प्रश्न ऐकूनसुद्धा घेतला नाही. “तिनसांजच्या वक्ताक ह्यां काय इचारतंस? सकाळी फोन कर.” आणि ठेवला.

ओहोटी
सकाळी काय म्हणतात ते कळवा.