डिझास्टर मॅनेजमेंट शिकणाऱ्यांनी प्रॅक्टिकल कुठे आणि कसलं करायचं?

कळवेकर_रोहन
मंडळी, आपत्ती व्यवस्थापनाचं पीजी करतोय, दुसरं वर्ष. २००५चा कायदा, एनडीएमएची (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण) रचना सगळं तोंडपाठ, पण दोरीला धड गाठ मारता येत नाही. कॉलेजात मॉक ड्रिल झालं म्हणजे घंटा वाजली, सगळे ग्राउंडवर आलो, फोटो काढले, संपलं. आपल्याच शिळफाट्याला २०१३ला लकी कंपाउंडची इमारत पडून ७४ माणसं गेली, उद्या तसं झालं तर मी तिथे जाऊन करणार काय? सुट्टीत स्वतःहून काय शिकता येईल?

रेस्क्यू_ठाणे
पहिली गोष्ट, ढिगाऱ्यावर चढायची घाई करायची नाही. स्लॅब एकावर एक बसलेले असतात, मधल्या पोकळीत माणूस जिवंत असू शकतो आणि तुझ्या वजनाने तीच पोकळी दबते. आम्ही मधेमधे सगळं बंद करतो, जेसीबी, जनरेटर, बोलणं पण, एकजण हाक मारतो, ठोकतो, बाकीचे चारी बाजूंनी कान लावून. ते गप्प बसणं सरावानेच येतं, कारण बाहेर नातेवाईक रडत असतात आणि थांबवत नाही. स्लॅब जॅकने इंचभर उचलला की लगेच खाली तेवढंच लाकूड सारायचं, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. गाठी तीनच घे, बोलाइन, क्लोव्ह हिच, फिगर ऑफ एट, पण हातमोजे घालून अंधारात जमल्या पाहिजेत. ठाण्यात नागरी संरक्षण दल आहे तिथे विचार, आणि कलेक्टर ऑफिसच्या आपत्ती कक्षात आपदा मित्रची, म्हणजे सरकारच्या स्वयंसेवक योजनेची, पुढची बॅच कधी ते विचार, १२ दिवसांचं ट्रेनिंग असतं.

सेफ्टी_रबाळे
रोहन, केमिकल विसरू नको रे, आपल्याकडे ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, डोंबिवली. डोंबिवलीचा २३ मे २०२४चा स्फोट आठवत असेलच. मोठ्या धोक्याच्या कारखान्यांना १९८९च्या नियमांप्रमाणे दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल करावंच लागतं. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन निरीक्षक म्हणून येऊ द्या अशी विनंती कर. सायरन वाजल्यापासून हजेरी पूर्ण व्हायला किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिही आणि कंत्राटी कामगारांची नावं गेटवरच्या रजिस्टरशी जुळतात का बघ, खरी गडबड तिथेच असते. गॅस लीकमध्ये आधी विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघायचा, वाऱ्याला आडवं निघायचं.

स्वाती_कंट्रोलरूम
दोरी शीकच, पण पीजी केलेल्यांना पुढे बहुतेक वेळा टेबलावर बसवतात आणि तिथला सराव कुणीच करून घेत नाही, मला याचं फार वाईट वाटतं. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी, तेव्हा होड्या कुठून येतील, बाहेर काढलेली माणसं कुठे न्यायची हे कुणीतरी ठरवत होतंच ना. २०२३ला इर्शाळवाडीवर दरड कोसळली तिथे तर रस्ताच नव्हता, मशिनी वर जाऊ शकल्या नाहीत, हातांनी खोदायचं म्हणजे माणसं, पाणी, जेवण सगळं डोंगर चढवायचं.

मित्रमैत्रिणींना घेऊन बस, बदलापूर ते कल्याण नकाशा पसर, एकाने पाच-पाच मिनिटांनी चिठ्ठ्या द्यायच्या, उल्हास नदी १७.५० मीटरच्या धोका पातळीवर गेली, अमक्या सोसायटीत डायलिसिसचा पेशंट, आणि अर्ध्या चिठ्ठ्या एकमेकींना खोट्या पाडणाऱ्या. प्रत्येक निरोपाला वेळ, कुणी कळवलं, ठिकाण, खात्री झाली की नाही हे लिहायचं. तासाभराने नोंदवही न खेळलेल्या माणसाला द्यायची, त्याला त्यातून परिस्थिती कळली तर जमलं. सोबत ट्रायाज कर, म्हणजे जखमींपैकी आधी कुणाला बघायचं ते ठरवणं, मिनिटाला ३०च्या वर श्वास असेल तर लाल पट्टी, म्हणजे सगळ्यात आधी, चालता येतंय तो हिरवा.

कळवेकर_रोहन
ताई, चिठ्ठ्यांचा सराव या रविवारीच करतो. दादा, बॅच मिळाली तर सोबत काय न्यायचं?

रेस्क्यू_ठाणे
जाड सोलचे बूट, शिट्टी, हेडटॉर्च. जायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेव. आणि पुराच्या पाण्यात उतरलास तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) गोळ्यांसाठी ताप यायची वाट न बघता लगेच डॉक्टरला दाखव.