कवरत्तीला सोलर आहे, बॅटरी आहे, मग डिझेल का जळतंय?

उरणकर: नुकताच लक्षद्वीपला जाऊन आलो. कवरत्तीत 1.7 मेगावॉटचं सोलर आणि 1.4 मेगावॉट-तासाची बॅटरी आहे, 2024 मध्ये उद्घाटन झालंय. तरी जनरेटरची घरघर चालूच. आमच्या घारापुरीलाही 2018 पर्यंत संध्याकाळचे तीनेक तास जनरेटर असायचा, मग समुद्राखालून केबल आली आणि विषय मिटला. कोचीपासून चारशे किलोमीटर केबल कोण टाकणार, ते कळतं. पण बॅटरी असताना डिझेल कशाला?

बोटीवरचा वायरमन: आधी भागाकार करा. 1.4 भागिले 1.7. भर दुपारी सगळी पॅनल मिळून जेवढं देतात, तेवढं ही बॅटरी पन्नास मिनिटंसुद्धा देणार नाही. ती रात्र काढायला पुरणारच नाही. ढग आला की पॅनलची वीज क्षणात पडते, तो खड्डा बुजवायला तिचा खरा उपयोग.

मी एकवीस वर्षं जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. बंदरात शिरताना बो थ्रस्टर (जहाजाचं नाक आडवं वळवणारा मोठा विजेचा पंखा) लावायचा तर आधी दुसरा जनरेटर लाइनवर घ्यायचो, नाहीतर अख्खं जहाज अंधारात. बेटाचं ग्रिड तसंच. मुंबईत तुमचा गीझर कोणाच्या खिजगणतीत नसतो. बेटावर बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला तरी फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची लय, 50 हर्ट्झवरून ढळते. साधे सोलर इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज एसी करणारी यंत्रं) म्हणजे टाळकरी, दुसऱ्यानं धरलेल्या लयीवर चालणारे. मृदंग थांबला की तेही थांबतात. आजवर मृदंगावर डिझेल इंजिनच बसत आलंय.

त्यात इंजिनाला अर्धपोटी ठेवता येत नाही. तीस टक्क्यांखालच्या लोडवर तासन्‌तास चालवलं की कार्बन धरतं, एक्झॉस्टमधून तेल ओघळतं. त्यापायी माझी एक दिवाळी इंजिन रूममध्ये गेली.

उरणकर: म्हणजे बॅटरीला मृदंग वाजवता येत नाही?

बोटीवरचा वायरमन: येतो की! इन्व्हर्टर स्वतः लय धरणाऱ्या जातीचा हवा आणि बॅटरी पोटभर. अमेरिकन सामोआतलं ताऊ बेट बघा: पॅनल 1.4 मेगावॉट, म्हणजे कवरत्तीपेक्षा कमी, पण 2016 मध्ये बॅटरी बसवली 6 मेगावॉट-तासांची. वस्ती सहाशेच्या आत. कवरत्तीची वस्ती दहा हजारांच्या पुढे, वर पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन नाही. तेवढी बॅटरी घ्यायची आणि वर्षातले बरेच दिवस नुसती भरून ठेवायची, हा हिशेब मला तरी जमत नाही.

ग्लासगोची सून: आमच्याकडे स्कॉटलंडला Eigg नावाचं बेट आहे (उच्चार 'एग'). माणसं शंभरेक. 2008 पासून ओढ्यांवरची जलवीज, पवनचक्क्या, सोलर आणि बॅटरी. पाऊस पडला की उलट जलवीज वाढते. बॅटरी भरली की उरलेल्या विजेवर सार्वजनिक हॉल गरम करतात. डिझेल जनरेटर तिथंही ठेवलेत, पण अडीअडचणीपुरते. मुख्य गोष्ट म्हणजे प्रत्येक घराला एका वेळी 5 किलोवॉटची मर्यादा. ओलांडली की घरची वीज जाते.

उरणकर: 5 किलोवॉट? गीझर, इस्त्री, मिक्सर, दोन एसी... आमच्याकडे सकाळी सातलाच अंधार होईल.